पासष्टी आणि पाच वर्षे

१९६५ साली अमेरिकेत दोन कायदे झाले. ३० जुलै रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर, म्हणजे वृद्धांच्या वैद्यकीय विम्याच्या कायद्यावर सही केली. ३ ऑक्टोबर रोजी नव्या इमिग्रेशन कायद्यावर. पहिल्याने पासष्टी गाठलेल्या अमेरिकनाला इस्पितळाचा आधार दिला, तर दुसऱ्याने आपल्यासारख्यांना दार उघडले. १९४६ च्या कायद्याप्रमाणे सबंध हिंदुस्थानचा कोटा वर्षाला अवघा १०० माणसांचा होता. तो गेला, आणि नागरिक झालेल्या मुलामुलींना आईवडिलांना संख्येच्या मर्यादेशिवाय बोलावता येऊ लागले. परंतु दुसऱ्या दाराने आत आलेल्या वृद्धाला पहिल्या कायद्याचा लाभ ताबडतोब मिळत नाही, हे आपल्या कुटुंबांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

समजा, ठाण्याची एक विधवा आई सत्तराव्या वर्षी सांता क्लाराला मुलाकडे राहावयास गेली. मुलगा इंजिनियर; वीस वर्षे त्याच्या पगारातून मेडिकेअरचा कर कापला गेला आहे. तरी ती वर्षे आईच्या खात्यावर जमा होत नाहीत. इस्पितळाचा विमा हप्त्याशिवाय मिळण्यास स्वतःची किंवा पतीची अमेरिकेतील सुमारे दहा वर्षांची नोकरी लागते. पतीने मुंबईत रेल्वेत घालवलेली वर्षे तेथे धरली जात नाहीत. रेल्वेच्या पेन्शनरांचे मेडिकल कार्डही इकडेच राहते.

हप्ता भरून विमा घ्यावा, तर ग्रीनकार्डधारकाला आधी सलग पाच वर्षांचा निवास लागतो. हा नियम १९६५ पासूनचा आहे. सांतियागो दियास नावाच्या वृद्ध क्यूबन निर्वासिताने व इतरांनी त्याविरुद्ध दाद मागितली. पण १ जून १९७६ रोजी सुप्रीम कोर्टाने एकमताने नियम कायम केला. मध्येच मायदेशी दीर्घकाळ येऊन राहिल्यास सलगपणा तुटू शकतो, हेही ध्यानात असावे.

हप्तेही थोडेथोडके नाहीत. १९६६ साली योजना सुरू झाली तेव्हा डॉक्टरांच्या विम्याचा हप्ता महिना ३ डॉलर होता. २०२५ साली तो १८५ डॉलर झाला. नोकरीचा हक्क नसलेल्यास इस्पितळाच्या विम्यासाठी त्याशिवाय ५१८ डॉलर.

मग ती पाच वर्षे काढावयाची कशी? २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे २०१४ पासून जुन्या दुखण्याच्या कारणावरून विमा नाकारता येत नाही. कॅलिफोर्नियात असा विमा ‘कव्हर्ड कॅलिफोर्निया’मार्फत घेता येतो. कमी उत्पन्नाच्या माणसांसाठी मेडि-कॅल आहे. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने नवागत ग्रीनकार्डधारकांना अशा मदतीपासून पाच वर्षे दूर ठेवले, तरी कॅलिफोर्नियाने स्वतःच्या पैशातून त्यांना सामावून घेतले. मात्र २०२६ पासून तेथे वृद्धांची मालमत्ताही पुन्हा पाहिली जाते. म्हणून ठाण्याचा फ्लॅट व बँकेतील ठेव यांचा आधीच विचार व्हावा. १८७६ पासून चालत आलेले सांता क्लारा काउंटीचे इस्पितळ सॅन होजेत आहे. अडचणीच्या वेळी चौकशी तेथेही करावी.

आपल्यापैकी बहुतेकांचे नातलग इस्रायलमध्ये आहेत, म्हणून तुलना होणारच. तेथे १ जानेवारी १९९५ पासून अमलात असलेल्या कायद्याप्रमाणे अलिया करणारा वृद्ध चारपैकी कोणत्याही कुपात होलिमचा सभासद होऊ शकतो. त्याला पाच वर्षे थांबावे लागत नाही. अश्दोदची मावशी व सांता क्लाराची आई सख्ख्या बहिणी असल्या तरी कायद्याच्या लेखी त्यांची स्थिती निराळी आहे.

आईबापाचा मान राख, ही आज्ञा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिकीट काढण्यापूर्वी मुलांनी कागद घेऊन बसावे, पाच वर्षांचा खर्च मांडावा, आणि तो आकडा आईवडिलांपासून लपवू नये. ते समजून निर्णय घेतील. परक्या देशात आपण मुलांवर ओझे झालो, हे त्यांना आजारपणात कळू नये.