पिशवीवरची चिठ्ठी : घरातल्या टाकीतला किलीफिश प्रयोगशाळेत कसा पोचला?

समजा, तुम्हाला म्हातारपणावर संशोधन करायचंय. फेलोशिप पाच वर्षांची. आता प्राणी निवडा. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, झेब्राफिशही साधारण तेवढाच किंवा जास्त. म्हणजे एक प्रयोग फसला की अर्धी पीएच.डी. गेली! फळमाशी दोन-तीन महिन्यांत आटोपते, सूत्रकृमी तर काही आठवड्यांतच. पण दोघांनाही पाठीचा कणा नाही. मग पाठीचा कणा असलेला आणि तरी झटपट म्हातारा होणारा प्राणी आणायचा कुठून?

गंमत अशी, की असा प्राणी जवळजवळ तीस वर्षं लोकांच्या घरात होता. दिवाणखान्यातल्या, तळघरातल्या काचेच्या टाक्यांमध्ये.

त्याचं नाव नोथोब्रँकियस फर्झेरी. हा किलीफिशच्या गटातला मासा. नावावरून मारकुटा वाटेल, पण ‘किल’ हा डच शब्द आहे आणि त्याचा अर्थ ओहोळ. या गटातले काही मासे आपल्याकडेही आहेत. पश्चिम घाटाच्या परिसरात सापडणारा अप्लोकायलस लिनिएटस हा त्यातलाच एक. पण तो बारमाही पाण्यातला. आपली गोष्ट आहे आफ्रिकेतल्या पावसाळी डबक्यांची. ही डबकी पावसाने भरतात आणि काही महिन्यांत आटतात. तेवढ्या वेळात मासा जन्मतो, वाढतो, अंडी घालतो, मरतो. अंडी मात्र सुकलेल्या चिखलात पुढच्या पावसाची वाट बघत राहतात.

1968 मध्ये रिचर्ड फर्झर यांनी आजच्या झिम्बाब्वेच्या (तेव्हाच्या ऱ्होडेशियाच्या) आग्नेय भागातल्या गोनारेझू इथून हा मासा गोळा केला. मत्स्यशास्त्रज्ञ आर. ए. जब यांनी 1971 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आता नीट लक्ष द्या, हे वर्णन छापून आलं कुठे? अमेरिकन किलीफिश असोसिएशनच्या नियतकालिकात, म्हणजे मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींच्या संघटनेच्या अंकात. पुढे हजारो शोधनिबंधांच्या डेटाबेसात बसून शोधणाऱ्या कुणाच्या नजरेला ते सहज पडलं असतं, असं मला वाटत नाही.

हौशी लोकांनी पुढे काय केलं, हे समजायला त्यांची पद्धत बघावी लागेल. टाकीच्या तळाशी पीट घालायचं, म्हणजे दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची भुसभुशीत तपकिरी माती. नर मादीला अंगाशी बिलगतो, आपला पर तिच्यावरून टाकतो आणि एकेक अंडं त्या पीटमध्ये जातं. काही दिवसांनी पीट जाळीत गाळायचं, हाताने पिळायचं, थोडं सुकू द्यायचं. किती सुकवायचं? नुसतं दमट राहील इतकंच. मग ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून काही आठवडे, कधी काही महिने ठेवायचं. अंड्यात भ्रूणाचे डोळे दिसायला लागले की पीटवर गार पाणी ओतायचं. काही तासांत पिल्लं पोहायला लागतात आणि त्यांना लगेच आर्टेमियाची ताजी पिल्लं खायला लागतात.

सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. म्हणून जुने जाणकार पीट फेकत नाहीत. पुन्हा सुकवतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा भिजवतात. यामागचं शास्त्र जॉन वुर्म्स यांनी 1972 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या वार्षिक किलीफिशवर काम करताना तपशिलात मांडलं. भ्रूणाची वाढ तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबू शकते आणि प्रत्येक अंडं सारखंच थांबेल असं नाही. खोटा पाऊस येऊन गेला तरी काही अंडी शिल्लक राहतात. म्हणजे डबक्याने शिकवलेली सावधगिरी हौशी माणूस पिशवीत सांभाळत होता.

दमट पीटमधली अंडी टपालानेही जातात. लिफाफ्यात मासा पाठवायचा! त्यामुळे एकाच डबक्यातल्या माशांचे वंशज वेगवेगळ्या देशांत पोचले. आणि इथे येते ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितोय : पिशवीवरची चिठ्ठी. या लोकांचा एक कडक नियम असतो. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले मासे एकाच जातीचे असले तरी त्यांची पैदास एकत्र करायची नाही. प्रत्येक वाणाला ठिकाणाचा संकेत द्यायचा आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पुढे न्यायचा. गोनारेझूच्या वाणाचा संकेत ‘जीआरझेड’. पगार नाही, प्रकल्प नाही, मार्गदर्शकाचा धाक नाही. तरी लोकांनी तो टिकवला.

2003 मध्ये इटलीतले किलीफिशचे जाणकार स्तेफानो वाल्देसालिची आणि मेंदूशास्त्रज्ञ अलेस्सांद्रो चेल्लेरिनो यांनी मिळून एक छोटा निबंध लिहिला. प्रयोगशाळेत हा मासा जास्तीत जास्त किती जगतो? 12 आठवड्यांपेक्षाही कमी. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यासाठी हे विलक्षणच होतं. शिवाय पाळता येतो, टाकीत पैदास होते, ही बाजू त्यांनी मुद्दाम मांडली. ती सोय हौशी लोकांनी आधीच करून ठेवली होती. 2015 मध्ये या माशाचा जीनोम एकाच वेळी दोन गटांनी प्रसिद्ध केला, एक जर्मनीतल्या येनाचा आणि दुसरा स्टॅनफर्डचा. आज म्हातारपणाच्या संशोधनात हा मासा मानाने वावरतो.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण एक प्रश्न उरतो, आणि मुलाखतीत तुम्हाला विचारला जावा असाच तो आहे. ते 12 आठवडे नेमके कुणाचे? जातीचे, की तीस वर्षं टाक्यांत नात्यातल्या नात्यात वाढलेल्या एका वाणाचे?

2004 मध्ये मोझांबिकमधून नवे मासे आणले गेले. 2008 मध्ये तुलना प्रसिद्ध झाली. सारख्या परिस्थितीत वाढवूनही मोझांबिकचे वाण जीआरझेडपेक्षा स्पष्टपणे जास्त जगले. कारण टाकीतलं अंतःप्रजनन, की गोनारेझूचा जास्त कोरडा प्रदेश? दोन्ही शक्यतांवर वाद घालता येतो. पण वाद घालता येतो तो कशामुळे? ‘जीआरझेड’ ही तीन अक्षरं कुणीतरी पुसू दिली नाहीत म्हणून. मासे एकमेकांत मिसळले असते, तर हा फरक दिसलाच नसता.

मला हे उशिरा कळलं. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी आमच्या फ्रीजरमध्ये नळ्यांचा एक डबा मिळाला. वर मार्करने फक्त एवढंच लिहिलेलं : ‘नवीन’. कधीचं नवीन, कुणाचं नवीन, काही नाही. मी उत्साहाने त्यावर तीन महिने काम केलं. आकडे छान आले. पण ते कशाचे आहेत हे मला सांगता येईना, आणि शेवटी सगळं बाजूला ठेवावं लागलं. डबा भरणाऱ्याला मी मनात बरंच बोललो. मग स्वतःचा डबा उघडला. त्यातल्या दोन नळ्यांवर माझ्याच अक्षरात होतं : ‘कालचं’.

म्हणून संशोधनाला लागण्याआधी एवढं करा. वहीत प्रत्येक नमुन्यापुढे तीन गोष्टी लिहा : कुठून आला, कधी आला, माझ्याआधी कुणाच्या हातात होता. पेन्सिलीने लिहिलंत तरी चालेल. ओल्या पीटच्या पिशवीतही पेन्सिलीचं अक्षर टिकतं. आणि एखादा ‘जातीचा’ आकडा वाचलात, तर आधी विचारा, हा आकडा कुठल्या डबक्यातला?