सोरा, मीठ आणि भिरंडांचा बर्फ

माझ्या नातीला दूध पचत नाही. गेल्या वैशाखात बेळगावातल्याच एका मुंजीत पंगत उठल्यावर आइस्क्रीमच्या वाट्या फिरू लागल्या, तेव्हा ती हात मागे घेऊन बसली. शेजारचे एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, दुधाशिवाय आइस्क्रीम कसलं? ते मुळात दुधाचंच." पोर काही बोलली नाही. माझ्या मनात मात्र ते 'मुळात' रुतून बसले. आयुष्यभर इतिहास शिकवला. मूळ तपासल्याशिवाय चैन पडेना.

मुळाकडे जाताना आपल्याकडे पहिल्यांदा भेटतो तो सोरा. हा क्षार पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त त्याची कृतीच दिली आहे : अडीच शेर सोरा, पाच शेर पाणी, आणि त्यात पिण्याच्या पाण्याची सुरई पाव तास फिरवायची. बंदुकीच्या दारूत भडका उडवणारा पदार्थ पाणी गार करतो, याची नोंद घ्यायला तो विसरलेला नाही. पण हे झाले गार पाणी. गोठवायला बर्फ हवा. १५८६ च्या सुमारास दरबार लाहोरला गेल्यावर तो पहाडातून येऊ लागला.

पहाड नसेल तिथे काय? याचे उत्तर रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. अलाहाबादेत तळ्यातले पाणी कधी गोठत नसे, तरी तिथले लोक बर्फ करीत. मोकळ्या माळावर तीस फूट चौरस, दोन फूट खोल खड्डे. तळाला उसाच्या नाहीतर मक्याच्या वाळक्या ताटांचा जाड थर. त्यावर मातीच्या कच्च्या, उथळ परळांच्या रांगा, आणि त्यांत दिवेलागणीला उकळून निववलेले पाणी. थंडीच्या निरभ्र रात्री पाण्यातली उष्णता आकाशाकडे निघून जाई, ताटांमुळे खालची जमिनीची ऊब वर येत नसे, आणि सूर्योदयापूर्वी परळांत बर्फ! कुणा विद्वानाचा नव्हे, मजुरांचा हा शोध.

खरी गंमत पुढे आहे. हा बर्फ, सोरा आणि मीठ एका मोठ्या भांड्यात घालून त्यात चांदीचे निमुळते पेले ठेवीत. झाकणे कणकेने बंद केलेली. पेल्यांत काय? बार्कर आधी सरबते लिहितो, मग साय. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या भूमीवर फळांचा रस आणि दूधदुभते एकाच पंगतीला होते. युरोपातला 'सॉर्बे' हा शब्दसुद्धा 'शरबत'चाच तुर्कस्तानमार्गे गेलेला भाऊ. गृहस्थांचे 'मुळात' इथे निकालात निघाले.

१८३३ मध्ये बॉस्टनहून 'टस्कनी' जहाज अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ घेऊन कलकत्त्याला आले. पुढे मुंबईलाही तो येऊ लागला. मग कारखाने निघाले आणि आमच्या लहानपणी लाकडी बादलीचा पॉट आला. बादलीत फोडलेला बर्फ आणि जाडे मीठ. मिठाने बर्फ शून्याखाली वितळतो आणि वितळताना डब्यातली उष्णता घेतो; हे मिश्रण उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकते. कारखान्याचा बर्फ मात्र डब्याबाहेरच राहिला पाहिजे, तो खाण्याचा नव्हे. एकदा माझ्या हातून झाकण सैल राहिले आणि दोन डझन आंब्यांचा रस खारट झाला. आईने तो महिनाभर काढला, रस नव्हे, विषय.

आता पॉट माळ्यावर आहे आणि फ्रीज पुरतो. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याची भिरंडे आली. शेजारच्या अक्का त्यांना 'मुरुगलु' म्हणतात. आंबटपणा दोन्ही भाषांत तोच. त्यांचे अमृत कोकम केले आणि एका वाटीला तीन वाट्या पाणी घातले. गोठल्यावर जिभेला गोडी कमी लागते, म्हणून पिण्यापेक्षा चमचाभर साखर जास्त. पसरट डब्यात ओतून वरच्या कप्प्यात ठेवले आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडले. ढवळले नाही तर नुसती लादी होते. साखर थोडी हवीच, तिच्यामुळे बर्फ कडक होत नाही. मिठाचे मी नाव काढले नाही.

तिच्यासाठी आणखी एक केले. पिकून ठिपके पडलेल्या वेलची केळ्यांच्या चकत्या रात्रभर गोठवल्या आणि सकाळी मिक्सरमधून काढल्या. आधी भुगा होतो, धीर सोडू नये. मग एकाएकी लोण्यासारखे मऊ येते. साखर नको, साय नको. फळाचा गरच सायीचे काम करतो.

नातीने केळ्याचे चाखून भिरंडांचे दुसऱ्यांदा मागितले. तिच्या वाढदिवसाला वर्गातली मुले आली, तेव्हा दोन्ही डबे मधोमध ठेवले. तिच्यासाठी वेगळी वाटी काढावी लागली नाही.