आद्य मराठी कवयित्री आणि यवतमाळ

मराठीतील पहिली ज्ञात कवयित्री महदंबा तेराव्या शतकात होऊन गेली. परंतु सामान्य वाचकांस तिची ओळख पटली ती विसाव्या शतकात, आणि ती पटविण्यात यवतमाळ गावाचा वाटा मोठा आहे.

महदंबा, म्हणजे महानुभावांच्या ग्रंथांतील महदाइसा, ही नागदेवाचार्यांची चुलत बहीण. वैधव्य आलेली ही स्त्री चक्रधरस्वामींच्या शिष्यपरिवारात आली, आणि तेथे तिने काय केले म्हणाल, तर प्रश्न विचारले! लीळाचरित्रात तिच्या शंका ठिकठिकाणी नमूद आहेत. नुसती मान डोलाविणे तिच्या स्वभावातच नव्हते. शास्त्रचर्चेची भाषा संस्कृत असावयाची त्या काळी तिला उत्तरे मिळत ती मात्र मराठीत, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

स्वामींच्या प्रयाणानंतर शिष्यमंडळी गोविंदप्रभूंच्या सेवेस ऋद्धिपुरी, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास, राहिली. प्रभूंची वृत्ती बालकासारखी. एकदा त्यांनी विवाहाचा खेळ मांडिला आणि महदंबेस गाणी म्हणावयास सांगितले. तिने गाइले तेच ‘धवळे’. धवळा हे वरास उद्देशून गावयाचे लग्नगीत. गुजरातीतील ‘धोळ’ याच कुळीचे. विषय रुक्मिणीस्वयंवराचा. लेखणी सरसावून बसलेल्या पंडिताची ही रचना नव्हे; लग्नघरी बायकांच्या गळ्यात असते तसे हे गाणे आहे. उत्तरार्ध तिने मागाहून रचिला.

पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले. त्यांस दोष देणे सोपे आहे. तथापि ज्या कुलुपाने हा ठेवा लोकांपासून दूर ठेविला, त्यानेच तो राखिलाही. १९१० च्या सुमारास इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो संकेत उलगडला. त्यानंतर यवतमाळचे वकील यशवंत खुशाल देशपांडे यांनी या वाङ्मयाचा ध्यास घेतला. १९२५ साली त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ निघाला, आणि १९३५ साली यवतमाळच्या शारदाश्रमातून महदंबेची रचना प्रसिद्ध झाली. पुस्तकास नाव दिले ‘आद्य मराठी कवयित्री’. विद्यापीठ नसलेल्या एका गावाने मराठी काव्येतिहासातील पहिल्या स्त्रीचे स्थान असे शीर्षकातच सांगून टाकिले.

रिद्धपुरात धवळे गाइले गेले, तेव्हा मुक्ताबाई बालवयात होती आणि ज्ञानेश्वरी अद्याप लिहावयाची होती.