रुग्णाची गोपनीयता आणि ब्लॉकचेन तंत्रज्ञान

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील रुग्णाची वाट आपल्या परिचयाची आहे. डोंबिवलीचे शास्त्रीनगर किंवा कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, तेथून कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि आजार बळावल्यास मुंबईतील सायन अथवा केईएम. ठिकठिकाणी नवा केसपेपर निघतो आणि जुने अहवाल प्लॅस्टिकच्या पिशवीतून रुग्णासोबत फिरतात. हे अहवाल संगणकावर आल्यास मोठी सोय होईल. मात्र पिशवीतील कागद फार तर एकाच्या हाती लागतो. संगणकावरील नोंद असंख्य लोकांच्या हाती लागू शकते.

ही भीती निराधार नाही. ग्रीनबोन या जर्मन सुरक्षा संस्थेच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातील रुग्णांच्या एक्स-रे, सीटी स्कॅन इत्यादी प्रतिमा इंटरनेटवर उघड्या पडल्याचे आढळले. त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. सुमारे ७ कोटी प्रतिमा एकट्या आपल्या राज्यातील होत्या. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तेथील कामकाज हाताने लिहून करावे लागले. एचआयव्ही, क्षयरोग किंवा मनोविकार यांची नोंद फुटली, तर त्या व्यक्तीची नोकरी, विवाह आणि शेजारधर्म पणाला लागतो.

यावर उपाय म्हणून ब्लॉकचेनचे नाव घेतले जाते. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली सामाईक खातेवही. प्रत्येक नव्या पानावर मागील पानाची गणिती खूण असते. या खुणेस ‘हॅश’ म्हणतात. मूळ मजकुरातील एक अक्षर बदलले तरी हॅश पूर्णपणे बदलतो. म्हणून मागाहून केलेली खाडाखोड लपत नाही.

महाराष्ट्रात या पद्धतीचा वापर झालेला आहे, परंतु दाखल्यांसाठी. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांची पडताळणी ब्लॉकचेनवर आणण्याचा उपक्रम सुरू झाला. आरोग्यक्षेत्रात एस्टोनिया या छोट्या देशाने २०१६ पासून सुमारे १० लाख नागरिकांच्या वैद्यकीय नोंदींसाठी याच जातीचे तंत्र स्वीकारले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. दाखला लोकांना दाखविण्यासाठी असतो, तर वैद्यकीय अहवाल झाकून ठेवण्यासाठी. ब्लॉकचेन गुपित राखत नाही. ती साक्ष देते. म्हणून अहवाल साखळीवर ठेवूच नये. तो रुग्णालयाच्या कुलूपबंद सर्व्हरवर राहावा आणि साखळीवर केवळ त्याचा हॅश, तसेच तो कोणी व केव्हा उघडला याची नोंद असावी. हॅश काढतानाही त्यात एक गुप्त यादृच्छिक संख्या मिसळावी लागते. अन्यथा नाव आणि आजार यांचा अंदाज बांधून हॅश जुळवून पाहता येतो.

मर्यादा आणखीही आहेत. चुकीचा रक्तगट नोंदविला गेला, तर साखळी ती चूकही तितक्याच निष्ठेने जपेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकास माहिती पुसून घेण्याचा हक्क, काही अपवाद वगळून, दिला आहे. न पुसता येणाऱ्या वहीशी त्याचा मेळ बसणे कठीण. आणि कर्मचाऱ्यांनी एकच पासवर्ड वाटून घेतला, तर साखळीवरील साक्षही व्यर्थ ठरते.

आपल्या देशात २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातील १४ अंकी आभा क्रमांकाची व्यवस्था संमतीवर आधारलेली आहे. नोंदी मूळ रुग्णालयातच राहतात, रुग्णाच्या परवानगीने दुसरीकडे पाहता येतात आणि दिलेली परवानगी मागेही घेता येते.

वाचकांनी आपले हक्क जाणून घ्यावेत असे आम्हांस वाटते. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. संमती देताना ती कोणास, कशासाठी व किती काळासाठी आहे, हे विचारावे. मोबाइलवर आलेला ओटीपी अनोळखी व्यक्तीस सांगू नये. घरातील वृद्धांना हे समजावून सांगण्याचे काम तरुणांनी करावे, कारण अंगठा बहुधा त्यांचाच घेतला जातो.