वॅट नंतर, आधी स्पीकरचं साल

जुने, नामांकित विलायती स्पीकर विकत घेतलेला माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘याला किती वॅटचा ॲम्प लावू?’ लॅमिंग्टन रोडच्या परिसरात दुरुस्तीचं काम करताना हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलोय. माझं उत्तरही ठरलेलं आहे. वॅटचं नंतर बघू. हा स्पीकर कोणत्या साली बनला आणि तो बनवणाऱ्याच्या टेबलावर तेव्हा कोणता ॲम्प्लिफायर होता, ते आधी शोधू. स्पीकरच्या मागच्या पट्टीवर ओहम आणि वॅट छापलेले असतात, पण त्यामागची हकिगत तिथे लिहिलेली नसते. जोडी जमते ती त्या हकिगतीवरून.

1940च्या दशकात व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधून दहा-पंधरा वॅट स्वच्छ मिळाले तरी खूप होतं. विल्यमसन यांनी 1947 साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात छापलेलं सर्किट जगभरच्या हौशी लोकांनी घरी जोडलं, तेसुद्धा 15 वॅटचंच. वॅट मोजकेच, म्हणून स्पीकर थोडक्या विजेत मोठा आवाज देणारा हवा. अमेरिकेत आर्कान्सामधल्या होप या गावी पॉल क्लिप्श यांनी 1946मध्ये खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा भला मोठा हॉर्न विकायला काढला. तो कोपऱ्यातल्या भिंतींनाच हॉर्नचा पुढचा भाग करून घेई. त्याला एखाद-दुसरा वॅट पुरतो. पुढे 1954मध्ये एडगर विलचर यांनी एआर-1 हा बंद पेटीचा स्पीकर आणला. आतली कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करू लागली, छोट्या पेटीतून खोल खर्ज निघाला, पण तेवढ्याच आवाजाला कितीतरी जास्त वीज लागू लागली. घराघरातल्या ॲम्प्लिफायरचे वॅट वाढत गेले त्याचं एक मोठं कारण या बंद पेट्या.

पण ज्याच्यामुळे मला हा सगळा विषय कळला, तो स्पीकर यांपैकी कुठल्याच जातीचा नाही. तो म्हणजे क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक.

क्वाड बनवणारी कंपनी पीटर वॉकर यांनी 1936मध्ये लंडनला काढली, आणि युद्धात बॉम्ब पडू लागल्यावर ती 1941मध्ये हंटिंग्डनला हलवली. 1953 साली त्यांचा ‘क्वाड टू’ आला. दोन केटी-66 व्हॉल्व्ह, 15 वॅट, आणि एका चॅनेलला एक ॲम्प. त्यानंतर 1957मध्ये ईएसएल हा स्पीकर आला. (त्याला ‘57’ हे शेपूट लोकांनी पुढे लावलं, कारण नंतर ईएसएल-63 आला.) यात कोन नाही, पेटी नाही. भोकं असलेल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये प्लास्टिकची अतिशय पातळ फिल्म ताणलेली असते. खर्जाच्या दोन पॅनेलना सहा हजार व्होल्टच्या आसपास आणि मधल्या ट्रेबल पॅनेलला दीड हजार व्होल्टच्या आसपास भार दिलेला असतो. म्हणूनच या स्पीकरला भिंतीतल्या सॉकेटची वायरही लागते. ॲम्प्लिफायरकडून आलेला सिग्नल आत एका ट्रान्सफॉर्मरमधून वाढतो आणि फिल्म पुढे-मागे ढकलली जाते. माणसाचा आवाज, विशेषतः एकट्या गायकाचा, इतका उघडा आणि खरा मी दुसऱ्या कुठल्या स्पीकरवर ऐकलेला नाही.

ॲम्प्लिफायरला मात्र हा स्पीकर फार अवघड जातो, कारण त्याच्या नजरेने तो एक मोठा कपॅसिटरच असतो. कागदावर 16 ओहम लिहिलंय. प्रत्यक्षात खर्जात तो 30 ओहमच्या पलीकडे जातो, आणि अगदी वरच्या पट्टीत दोन ओहमच्या आसपास घसरतो. क्वाड टूला याचा त्रास होत नाही, कारण त्याच हाताने, त्याच छपराखाली दोन्ही घडले. पण कपॅसिटरचा भार बघून स्वतःच दोलायमान होणारे कितीतरी ट्रान्झिस्टर ॲम्प मी पाहिलेत. स्पीकरमधून काही ऐकू येत नाही, ॲम्प मात्र हात लावू देत नाही इतका तापलेला असतो.

दुसरी मर्यादा त्याहून कडक आहे. ईएसएलला 33 व्होल्ट पीकपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. दिले तर ट्रेबल पॅनेलमध्ये ठिणगी पडते. मागची जाळी काढून असं पॅनेल टॉर्चच्या उजेडात तिरकं धरलं की फिल्मवर बारीक काळ्या कडेचं भोक दिसतं. एकदा भोक पडलं की पॅनेल बदलणं किंवा फिल्म नव्याने ताणणं, एवढाच उपाय.

1967 साली क्वाडने 303 हा ट्रान्झिस्टरचा ॲम्प काढला, तेव्हा वॉकर यांच्या डोळ्यासमोर ही मर्यादा होती. त्याचा पॉवर सप्लाय 67 व्होल्टवर नियंत्रित केलेला आहे. आउटपुट कपॅसिटरमधून बाहेर येतं, म्हणजे सिग्नलला वर-खाली हलायला त्याच्या अर्धी जागा. 67चे निम्मे साडेतेहतीस. स्पीकरची मर्यादा ॲम्प्लिफायरच्या सप्लायमध्येच बांधून टाकलेली! 303 उघडून मीटर लावताना हा आकडा दिसतो, तेव्हा मला आजही त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

मग 1975मध्ये त्याच कंपनीचा 405 आला, आठ ओहमला 100 वॅटचा. गुणाने उत्तम ॲम्प. पण हिशोब करा: आठ ओहमला 100 वॅट म्हणजे 40 व्होल्ट पीक. म्हणजे क्वाडच्याच ईएसएलला क्वाडचाच नवा ॲम्प थेट जोडणं धोक्याचं, आणि म्हणूनच ईएसएलवाल्यांसाठी 405मध्ये व्होल्टेज मर्यादित ठेवायची सोय करावी लागे. 1981च्या ईएसएल-63मध्ये संरक्षणाचं सर्किट स्पीकरच्या पोटातच आलं. ‘एकाच कंपनीचे आहेत, चालतील’ हे वाक्य ऐकलं की म्हणूनच मला धास्ती वाटते.

आपल्या किनारपट्टीवर यात पावसाळ्याची भर पडते. दमट हवेत पॅनेलवरचा भार गळतो, आवाज बसतो, टिकटिक ऐकू येते, आणि लोक ॲम्प बदलायला निघतात. आधी पॅनेल तपासा.

बीबीसीच्या एलएस3/5ए या स्पीकरची गोष्ट अगदी उलट. बाहेरच्या कार्यक्रमांच्या गाडीत, हातभर अंतरावरून ऐकण्यासाठी 1970च्या दशकात हा जेमतेम पाच लिटरचा डबा तयार झाला, आणि रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा अनेकांनी तो परवान्यावर बनवला. सुरुवातीचे नग 15 ओहमचे, नंतरचे 11 ओहमचे. याला करंट फारसा लागत नाही, व्होल्टेज लागतं. आठ ओहमला 50 वॅट देणारा ॲम्प 15 ओहमला साधारण 27 वॅटच देईल, आणि या डब्याची झेप 25 वॅटची. म्हणजे जोडी बरोबर जमली. 16 ओहमचं टॅप असलेला चांगला व्हॉल्व्ह ॲम्पही याला शोभतो.

आणि दुसऱ्या टोकाला 1980च्या दशकातला अमेरिकन स्पीकर अपोजी सिंटिला, एक ओहमचा. त्यावर 20 व्होल्ट ठेवले तर 20 अँपिअर वाहतात. आपल्या घरातलं गीझरचं सॉकेट 16 अँपिअरचं असतं. क्रेलचा केएसए-50 हा ॲम्प असल्याच स्पीकरांच्या काळात पुढे आला. त्याच्यावर आठ ओहमला 50 वॅटच लिहिलेत, पण ओहम निम्मे झाले की वॅट दुप्पट होत जातात. दीडशे वॅटचा साधा रिसीव्हर तिथे फ्यूज उडवून बसेल.

1991च्या आधी ही यंत्रं आपल्याकडे रीतसर दुकानात मिळत नव्हती. जहाजावरची माणसं, आखातातून किंवा इंग्लंडहून परतलेली कुटुंबं सामानात घेऊन येत. पुढे घर बदललं, वडील गेले, आणि स्पीकर एका भावाकडे, ॲम्प दुसऱ्याकडे. बाजारात स्पीकर एकटा येतो तो असा. म्हणून विकणाऱ्याला किमतीआधी एवढं जरूर विचारा: घरी याच्याबरोबर कोणता ॲम्प होता? तो कुठे पडून असेल तर तोही बघून या. आणि जुने ईएसएल घेणार असाल, तर 303 शोधा, त्याचे म्हातारे कपॅसिटर बदलून घ्या. 405च मिळाला, तर आत लिमिटर बसवलेला आहे याची खात्री झाल्याशिवाय वायर जोडू नका.