गेम बनवणाऱ्यांनाही युनियन लागते? चंद्रपूर-गडचिरोलीहून पुण्याला निघालेल्या पोट्ट्यांनी हे वाचाच

चंद्रपूर जिल्ह्यात युनियन म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. बल्लारपूर, माजरी, घुग्गुसच्या पट्ट्यात वेकोलिच्या खाणीत घरातलं नाहीतर शेजारचं कुणीतरी असतंच. तिथला पगार साहेबाच्या मर्जीवर नाही, तर वेतन करारावर ठरतो. शेवटचा, म्हणजे अकरावा करार मे २०२३ मध्ये झाला. एका बाजूला कोल इंडिया, दुसऱ्या बाजूला बीएमएस, एचएमएस, आयटक आणि सीटू. किमान १९ टक्के वाढ ठरली आणि ती १ जुलै २०२१ पासून लागू झाली.

गडचिरोलीत युनियनपेक्षा ग्रामसभा हा शब्द जास्त कानावर पडतो, पण मुद्दा तोच. मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतःच्या हातात घेतले आणि बांबू गावानेच विकायला सुरुवात केली.

आता अशाच घरातला पोरगा किंवा पोरगी गेम डिझाइनचा कोर्स करून पुण्या-मुंबईला जाते. हातात काय असतं? एचआरचा एक मेल, कॉन्ट्रॅक्टची नोकरी आणि 'रिलीज जवळ आलाय, थोडं थांबावं लागेल' असं रोज संध्याकाळी ऐकायची तयारी.

हा प्रश्न आताच का? कारण सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठीचं एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं. ३,२६८ कोटींचा आराखडा आणि २ लाख रोजगारांचं उद्दिष्ट. रोजगार किती, यावर भरपूर बातम्या झाल्या. रोजगार कसा, यावर फार कुणी बोललं नाही.

गेम 'टेस्ट' करणं म्हणजे दिवसभर खेळणं नव्हे

गेम टेस्टर म्हटलं की गावाकडचे मित्र म्हणतात, मजा आहे लेका तुझी! प्रत्यक्षात काम असं: एकाच लेव्हलच्या एकाच भिंतीवर शंभर वेळा उडी मारायची, कुठे पात्र भिंतीत अडकतं का बघायचं, सापडलेल्या प्रत्येक चुकीची नोंद करायची आणि दुरुस्ती झाली की पुन्हा पहिल्यापासून. या विभागाला क्यूए म्हणतात. गेम कंपन्यांमध्ये कमी पगार आणि सगळ्यात जास्त कॉन्ट्रॅक्टची माणसं बहुतेकदा इथेच असतात.

आणि रिलीजच्या आधी येतो 'क्रंच', म्हणजे आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने चालणारा ओव्हरटाइम. २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने नाव न देता इंटरनेटवर पत्र लिहिलं की आमच्या घरातला माणूस घरी येतच नाही. ते पत्र जगभर फिरलं. त्याच सुमारास बुडालेल्या ओव्हरटाइमसाठी कंपनीवर खटले झाले आणि ग्राफिक्स आर्टिस्टच्या खटल्यात १.५६ कोटी डॉलर, तर प्रोग्रामरच्या खटल्यात १.४९ कोटी डॉलर देऊन कंपनीला तडजोड करावी लागली. पण क्रंच थांबला नाही. २०१८ मध्ये 'रेड डेड रिडेम्प्शन २' च्या वेळी रॉकस्टारच्या सहसंस्थापकानेच १०० तासांच्या आठवड्यांचा उल्लेख केला. लोक भडकल्यावर, हे फक्त लेखन करणाऱ्या काही जणांपुरतं होतं, असा खुलासा आला.

सुरुवात टेस्टरांनीच केली

डिसेंबर २०२१. 'कॉल ऑफ ड्यूटी'वर काम करणारा अमेरिकेतला रेव्हन सॉफ्टवेअर हा स्टुडिओ. तिथल्या क्यूएमधल्या १२ जणांना कॉन्ट्रॅक्ट संपवत असल्याचं कळवलं गेलं. उरलेल्या सहकाऱ्यांनी काम बंद केलं. संप काही आठवडे चालला आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन उभी राहिली. मतदार मोजून दोन डझन. पण अमेरिकेतल्या मोठ्या गेम कंपनीत झालेली ही पहिली युनियन.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या ताब्यातल्या झेनिमॅक्समध्ये सुमारे ३०० टेस्टर एकत्र आले आणि २०२५ मध्ये त्यांचा पहिला करार मंजूर झाला. त्यात सरसकट १३.५ टक्के पगारवाढ आहे. वेकोलिच्या करारासारखंच वाटतं ना? दक्षिण कोरियात, जिथून आपला बीजीएमआय येतो, नेक्सॉन कंपनीत २०१८ मध्येच युनियन झाली होती.

सगळीकडे गोड शेवट नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने ब्रिटन आणि कॅनडात ३० पेक्षा जास्त लोकांना काढलं. कंपनी म्हणते त्यांनी गोपनीय माहिती बाहेर दिली, युनियन म्हणते ही संघटना मोडायची चाल आहे.

मग महाराष्ट्रात?

पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईतला २०१८ चा. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक या दोन स्टुडिओंकडे होता. २०२० मध्ये मोठी घोषणा झाली, २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रोजेक्टच गुंडाळला गेला. काम इथे होतं, निर्णय दुसऱ्या देशात होतो. खाण निदान उचलून नेता येत नाही, प्रोजेक्ट एका मेलवर जातो. गेमवाल्यांची संघटना इथे उभी राहणं अवघड आहे त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

कायद्याचं काय? 'तुम्ही कामगार नाही, प्रोफेशनल आहात' हे वाक्य ऑफिसात हमखास ऐकायला मिळतं. पण कायदा कार्डावरचं पद बघत नाही, हाताने काय काम करता ते बघतो. चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये टीसीएसच्या एका इंजिनिअरच्या बाबतीत हेच धरलं. त्याला २०१५ मध्ये काढलं होतं. तो मॅनेजर दर्जाचा आहे हे कंपनीचं म्हणणं कोर्टाने मान्य केलं नाही आणि पूर्ण पगारासह परत घ्यायला सांगितलं. मात्र मधली सात वर्षं गेली ती गेलीच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात तांत्रिक काम करणारा माणूस कामगारच आहे, पगार कितीही असो. १८,००० रुपयांची मर्यादा फक्त सुपरवायझरसाठी आहे. नोंदणीसाठी किमान ७ सभासद हवेत, आणि कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यातला कमी असेल तो आकडा. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर ५१ टक्के पाठिंबा असलेली युनियन कंपनीशी वाटाघाट करते. संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते. म्हणजे रेव्हनसारखं तडकाफडकी काम बंद करणं इथे बेकायदा ठरेल.

कॉन्ट्रॅक्टवाल्यांच्या कामाचं एक: नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे, आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. पूर्वी त्यासाठी पाच वर्षं लागायची. ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे, पण तो मागायचा तर लॉगिनच्या वेळा आणि रात्री थांबायला सांगणारे मेसेज स्वतःकडे जपलेले हवेत. तक्रार घेऊन जायला पुण्यातली नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे. टीसीएसच्या २०२५ च्या कपातीवर केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तिनेच दाद मागितली होती.

आता एक गोष्ट जी धोरणाच्या बातम्यांमध्ये हरवली. त्याच सप्टेंबर २०२५ मध्ये याच मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यातही बदल मंजूर केले. दिवसाचे कामाचे तास ९ वरून १०, तीन महिन्यांतला ओव्हरटाइम १२५ वरून १४४ तास, आणि कायदा लागू होण्यासाठी १० ऐवजी २० कर्मचाऱ्यांची अट. आपल्याकडचे नवे गेम स्टुडिओ बरेचदा १२-१५ जणांचेच असतात.