अंड्याचा तवा कुठे ठेवायचे? : रोजच्या नाश्त्याचा इतिहास शोधताना

"रोजच्या जगण्याचा इतिहास लिहायचाय, पण साधनं कुठे मिळणार?" पीएचडीसाठी विषय शोधणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. आज एक साधं उदाहरण घेऊ. ब्रेडच्या दोन स्लाइस बटर लावून तव्यावर भाजल्या, दोन अंडी फोडून हाफ फ्राय केलं. दहा मिनिटांचं काम. समजा, हा नाश्ता मराठी घरांत कसा आला हे तुम्हाला शोधायचंय.

पहिली अडचण लगेच येते. असा नाश्ता कुणी डायरीत लिहून ठेवत नाही. पण रोजची गोष्ट साधारण तीन प्रसंगी कागदावर उतरते: तिच्यावरून भांडण होतं तेव्हा, ती विकायची असते तेव्हा आणि सरकार ती मोजतं तेव्हा.

आधी भांडण. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या कार्यक्रमात पाहुण्यांना चहा-बिस्किटं दिली गेली. पाहुण्यांत रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचं घेतलं, हा आक्षेप होता. हे भांडण झालंच नसतं, तर त्या दिवशी कोण काय प्यायलं हे आपल्याला बहुधा कळलं नसतं.

आता विक्री. १९६५ मध्ये केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि कापलेला, वेष्टनातला ब्रेड शहरांत पोहोचवायला हातभार लावला. १९८२ मध्ये कुक्कुटपालकांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. संडे-मंडेची तिची जाहिरात तुम्हाला पाठच असेल. पण सांभाळा! जाहिरातीतून विकणाऱ्याला काय हवं होतं ते कळतं, लोकांनी काय खाल्लं ते नाही.

तिसरी मोजणी. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या खर्चाच्या पाहण्यांत अंडी नगांवर मोजली जातात. घरात किती अंडी आली हे त्यातून कळतं. पण ती घरात कुणी खाल्ली, कुणी नाही, हे कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. जिथे भांडण झालं, तिथे कागद जास्त. अंड्यावरून वाद झाला तो मुख्यतः ते निषिद्ध मानणाऱ्या घरांत. कोळी, ख्रिस्ती, मुसलमान, दलित अशा अनेक घरांत अंडं ही गाजावाजा करण्यासारखी गोष्टच नव्हती, म्हणून तिथे कागद कमी. तुम्ही फक्त कागदांच्या मागे गेलात, तर अंडं न खाणाऱ्यांचा इतिहास 'मराठी माणसाचा नाश्ता' या नावाने लिहून बसाल. आणि हे केवळ पुस्तकापुरतं राहत नाही. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. 'आपल्याकडे' अंडं खातात की नाही, यावर मुलांच्या ताटात काय पडणार हे ठरू शकतं.

म्हणून मुलाखती घ्याव्याच लागतात. पण "तुम्ही अंडी कधीपासून खाता?" असं विचारू नका, ठरावीक उत्तर मिळेल. त्यापेक्षा विचारा: अंड्याचा तवा वेगळा होता का? कुठे ठेवायचे? टरफलं कशात गुंडाळून टाकायची? आजी घरात असताना करायचे की ती बाहेर गेल्यावर? भांड्यांबद्दल माणसं मोकळेपणाने बोलतात आणि बोलता बोलता घरातले नियमही सांगून जातात.

या आठवड्यात दोन घरांत हे प्रश्न विचारून पाहा. एक घर असं निवडा, जिथे वेगळा तवा कधी नव्हताच. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा आणि मगच तुमच्या प्रबंधाच्या शीर्षकात 'मराठी' हा शब्द ठेवायचा का, ते ठरवा.